गुळाने फरक पडला नाही

अफीफाचा दिवस पहाटे पाचला सुरू व्हायचा. घरचं पाणी भरून ती साडेसातला टेमघरच्या आमच्या कारखान्याच्या दारात, हातात फुंकून दम मोजायचं यंत्र घेऊन. आठला रात्रपाळी सुटायची. प्रत्येकाने तीनदा फुंकायचं, मोठा आकडा ती लिहून घ्यायची. कोणी वरवर फुंकलं की परत.

"केसरीकाका, छाती रिकामी होईपर्यंत. लाजेखातर नको," ती मला म्हणायची.

मी चाळीस वर्षं कापडाचे लूम चालवले. अंगचोर माणूस मला पाठमोरा ओळखू येतो. ही पोरगी तशी नव्हती. इथून ती मानकोलीच्या गोदामात जायची, संध्याकाळपर्यंत खोक्यांवर लेबलं चिकटवायला.

सुताची धूळ छातीत बसते. पाळी सुटल्यावर गुळाचा खडा खाल्ला की ती उतरते, असं आम्ही बापजाद्यांपासून मानत आलो. शेठ हवा खेचणारा पंखा बसवत नव्हता, गूळ मात्र वाटायचा. गुळाने खरंच फरक पडतो का, हे अफीफाला पीएचडीसाठी तपासायचं होतं. एकशे चाळीस कामगार. चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना गूळ, निम्म्यांना नाही. वर्षभर, रोज थोडेथोडे जण, म्हणजे प्रत्येकाने महिन्यातून एकदा फुंकायचं.

माझ्या शेजारच्या लूमवरच्या नूर मोहम्मदला गूळ मिळाला नाही. तो रोज माझ्याकडे बोट दाखवून कुरकुरायचा, "बेटी, मेरा गुड़ इसको दिया, तो मेरी खाँसी भी इसीको दे दे."

वर्ष संपलं. दोन्हीकडचा दम सारखाच घटला होता. गुळाने काही झालं नव्हतं.

अफीफाने ते लिहून एका जर्नलला पाठवलं. उत्तर आलं, नवीन काही आढळलेलं नाही. दुसऱ्यानेही तेच कळवलं. तिसऱ्याने आठ महिने ठेवून घेतलं आणि तेच कळवलं. छापून आल्याशिवाय तिचा प्रबंध विद्यापीठ घेईना. तिच्या सरांनी वाट दाखवली. गूळ खाऊनही दम जास्त घटलेले बारा जण बिडीवाले दाखव आणि काढून टाक, फरक दिसेल.

"सर, ते बिडी ओढत नाहीत."

"मग बस घरी."

त्या बारांत मी होतो. मी म्हटलं, "काढ की मला. माझं काय जातंय?"

"काका, तुम्ही छत्तीस वेळा फुंकलंत. ते मी कुठे टाकू?"



गेल्या दिवाळीनंतर मालेगावहून एका विद्यार्थ्याचा अफीफाला फोन आला; आमच्याकडून तिकडे गेलेल्या एका कामगाराने तिचा नंबर दिला होता. तो दोनशे कामगारांवर गुळाचाच प्रयोग सुरू करत होता. आधी कोणी केल्याचं छापलेलं त्याला कुठे सापडलं नव्हतं. अफीफाने सगळे आकडे पाठवले. तो म्हणाला, "ताई, छापलेलं असतं तर सरांना दाखवलं असतं. असं ते मानणार नाहीत."

म्हणजे तिकडेही दोनशे जण वर्षभर फुंकणार.

निबंध आता चौथ्या जर्नलकडे आहे. त्यात आम्ही एकशे चाळीसच्या एकशे चाळीस आहोत. मधे पीएचडीच्या नोंदणीची मुदत संपली. मानकोलीच्या तीन महिन्यांच्या पगारातून फी भरून अफीफाने ती एक वर्ष वाढवून घेतली.