काकांची पावलं

आमच्या काकांना सगळा किनारा ‘फूटपट्टी’ म्हणायचा. समुद्रस्नानाला येणाऱ्यांच्या कपडे बदलायच्या खोल्या त्यांच्या ताब्यात होत्या. दर हंगामाच्या पहिल्या दिवशी ते खोल्यांच्या पायरीपासून भरतीच्या रेषेपर्यंत पावलं मोजायचे आणि आकडा वहीत लिहायचे. असं त्रेचाळीस वर्षं. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. काही माणसांना स्वस्थ बसवत नाही, त्यातले ते.

वहीत आकड्यांशेजारी बरंच काही होतं. सुरुवातीला हवापालटाला आलेले आजारी लोक, पुढे पहिलं हॉटेल, मग कासवं यायची थांबली ते साल. वाळूच्या टेकड्यांवरच्या वेलीला जांभळी फुलं कधी आली, तेही. ही वेल वाळू धरून ठेवते, तिच्यावर पाय देऊ नका, असं ते पाहुण्यांना दरडावायचे. पाहुणे ऐकायचे. मी त्यांची लाडकी पुतणी, मी कशाला ऐकतेय?

यंदा हॉटेलमालकांनी त्या टेकड्या सपाट करून समुद्राच्या तोंडाशी नव्या खोल्या बांधायचं ठरवलं. खुंट्याही ठोकल्या. लोक कुरकुरले, तर मालकांनी काकांच्याच वहीतले आकडे पुढे केले. पहिल्या वर्षी एकशे वीस पावलं, यंदा एकशे बत्तीस. किनारा वाढतोय, मग भीती कसली?

काकांना ते पटेना. म्हणून मी त्यांच्यामागून चालत मोजलं. मी त्यांच्या खांद्याला लागते, तरी माझी एकशे दहाच भरली. काकांनी वहीचं पहिलं पान काढलं. पायरीपासून दिव्याच्या दगडी खांबापर्यंत चाळीस पावलं, असं तिथे लिहिलेलं. ते पुन्हा चालले. पंचावन्न झाली. खांब काही हललेला नव्हता.

“वाळू नाही गं वाढली,” ते म्हणाले. “माझे पाय आखूड झाले.”

गुडघे दुखतात हे या माणसाने घरात कुणाला कळू दिलं नव्हतं. मला रडू आलं आणि रागही आला. मी म्हटलं, वही हरवली म्हणून सांगू. त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं आणि वही काखेत मारली.

गावच्या सभेत त्यांनी सगळं सांगितलं: जुन्या पावलांनी मोजला तर किनारा आज शहाण्णवच भरतो, म्हणजे समुद्र आत आलाय. मालक हसून म्हणाले, काका, उगाच स्वतःला कमी लेखू नका, तुमचं पाऊल अजून तरण्याचं आहे. मग काकांनी सगळ्यांना बाहेर यायला सांगितलं आणि पायरीवरून खांबाकडे मोठ्याने मोजत चालू लागले. आधी चारपाच जणांनी सूर मिसळला, नंतर सगळ्यांनी. चाळिसाव्या पावलाला खांब बराच लांब होता. सूर थांबला. मालकांनी मान खाली घातली.

खुंट्या दुसऱ्या दिवशी निघाल्या. खरं तर काका चाळीसलाच थांबले असते तरी भागलं असतं. पण ते थांबले नाहीत. सगळ्या गावासमोर, एकटेच, एकेक पाऊल मोठ्याने मोजत ते पंचावन्नपर्यंत गेले.