अक्कांची सही

विनायकनं बातमी इंग्रजीत सांगितली. एरवी माझ्याशी बंगळुरी मराठीत तासन्‌तास हुज्जत घालणारा हा माणूस त्या सकाळी फोनवर एखाद्या कंपनीच्या पत्रासारखं बोलला. मी कोरमंगल्यातल्या ऑफिसच्या जिन्यात उभी होते. "विनायक, नीट सांग," मी म्हटलं. मग तो म्हणाला, "अक्का गेली गं," आणि रडायला लागला. मी त्याला गप्प केलं नाही. रडणाऱ्याला कुणी "रडू नको" म्हटलेलं अक्कांना खपायचं नाही. "रडू दे की. डोळे त्याचे, पाणी त्याचं," असं म्हणायच्या.

सत्यभामाअक्का माझ्या घरमालकीण. मल्लेश्वरममधल्या त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर मी पुण्याहून दोन वर्षांसाठी म्हणून राहायला आले आणि राहिलेच. त्यांचं घराणं कित्येक पिढ्यांपासून इथलं. घरात मराठीच, पण कानडीची फोडणी घातलेली. पहिल्याच दिवशी त्यांनी मला "स्वल्प बस, कॉफी घे" म्हटलं आणि दुसऱ्या दिवसापासून मुग्धाची मुग्धम्मा करून टाकली. विनायक त्यांच्या भावाचा मुलगा. त्याचे वडील त्यांना अक्का म्हणायचे, म्हणून तोही अक्काच म्हणायचा. राहायचा इंदिरानगरला, पण रविवारी सकाळी हजर. अक्का कानडी शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या होत्या. शाळा सुटली तरी मुख्याध्यापकी काही सुटली नव्हती. रस्त्यात भाजीवाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत कुणाचाही शर्ट बाहेर आलेला दिसला की त्या नुसतं बघायच्या, आणि ती मोठी माणसं चुपचाप शर्ट आत खोचायची. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

अशा बाईच्या बोटांना संधिवातानं धरलं. आधी डबे उघडेनात, मग ब्लाउजचे हूक लागेनात. त्याबद्दल त्या कधी कुरकुरल्या नाहीत. पण एक दिवस बँकेतून चेक परत आला, सही जुळत नाही म्हणून, आणि अक्का जेवल्या नाहीत. बॉलपेन दाबल्याशिवाय उमटत नाही, आणि दाबायचं म्हटलं की त्यांच्या अंगठ्याच्या मुळाशी अशी कळ यायची की अक्षर तिथंच मोडायचं. त्यांची सही कानडीत होती, एकात एक गुंफलेली गोल गोल अक्षरं. (त्याला मी एकदा जिलेबी म्हटलं, तेव्हा आठवडाभर माझी फिल्टर कॉफी बंद झाली होती.) आता त्या गोलांचे नुसते कोपरे राहिले होते.

विनायक मनानं चांगला, पण सगळ्या प्रश्नांना त्याच्याकडे झटपट तोड असते. म्हणाला, "अक्का, एवढं काय त्यात? अंगठा दे. बँकेची माणसं घरी येतात ठसा घ्यायला. निवांत." मी तिथंच होते. अक्कांचा चेहरा असा झाला की मी कपबशी उचलायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात पळाले. आवाज चढला नाही, तो त्यांचा कधीच चढायचा नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "आमच्या आईनं जन्मभर अंगठा दिला, विनू. रेशनच्या कार्डावर, घराच्या कागदावर. दर वेळी कुठला तरी कारकून तिचा हात धरायचा, शाईत बुडवायचा आणि दाबायचा, पोत्यावर शिक्का मारल्यागत. मी लहानपणी बघत उभी असायची. तिनं मला शाळेत घातलं ते एवढ्याचसाठी. मी अंगठा देणार नाही. नको, बेडा म्हणजे बेडा." विनायक म्हणाला, "सरी, सरी, ठीक आहे," पण त्याला ते पटलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही वाटलं, या वयात कसला हा हट्ट!

आता माझ्या पेनाची गोष्ट. आमच्या ऑफिसात तेव्हा फाउंटन पेनची साथ आली होती. दिवसभर कीबोर्ड बडवणारी माणसं दुपारी जेवताना शाईच्या छटांवर बोलायची. मीही एक मागवलं, अगदी नवशिक्यांचं. ऑफिसखालच्या दोन कॉफ्यांच्या किमतीत येईल असं, पारदर्शक प्लास्टिकचं, साधी पोलादी निब, आत शाई ओढायला एक फिरकी. आठवड्यात वैतागले. कागद खरवडायचं, मध्येच अडायचं, बोटं रंगायची. एका संध्याकाळी अंगणात बसून मी त्याला शिव्या घालत असताना अक्कांनी हात पुढं केला. "दाव बघू." मी लिहून दाखवलं, आणि त्या खो खो हसल्या. "अगो, कागद नांगरतेस काय? नाचता येईना अंगण वाकडं!" तीच म्हण पुन्हा कानडीत ऐकवली, मला डबल मार बसावा म्हणून. मग पेन त्यांनी स्वतःच्या हातात घेतलं. धरलं नाही, नुसतं बोटांवर टेकवलं. आणि वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर पेन आपल्या वजनानंच चालायला लागलं... एक गोल, दुसरा गोल, तिसरा. आम्ही दोघींनी एकदमच एकमेकींकडे पाहिलं. दाबायची गरजच नव्हती. अक्कांनी पेनाला टोपण लावलं आणि ते खुशाल आपल्या कमरेला खोचलं. माझं पेन गेलं ते तेव्हाच.

पुढचे दिवस घराची शाळा झाली. अक्का दुपारी जुन्या कॅलेंडरांच्या पाठीवर सही गिरवायला बसायच्या. चेकबुकापेक्षा शाईच्या बाटलीची काळजी जास्त. निब कुठल्या अंगाला कललेली लिहिते, शाई किती घट्ट हवी, कुठला कागद शाई पितो, सगळा अभ्यास. मी संध्याकाळी परत आले की कॅलेंडर पुढं व्हायचं. "मार्क दे." मी एकदा सहज दहापैकी दहा दिले तर म्हणाल्या, "तुझ्यासारख्या बाईंमुळे देशाचं वाटोळं झालं. हा शेवटचा गोल बघ, उघडा राहिलाय." हळूहळू सही ठरली. जुनीसारखी हुबेहूब नव्हती, थोडी मोठी आणि थरथरती होती, पण सगळे गोल मिटलेले होते. बँकेनं सांगितलं, समोर येऊन नव्या सहीचा नमुना द्या.

बँकेत जायच्या सकाळी अक्कांनी एक घोळ घातला. शाईपेनावर वाढलेली पिढीच तो घालू शकते. परीक्षेच्या आदल्या दिवशी पेन धुवायचं, ही त्यांच्या शाळेपासूनची रीत. ती त्यांनी ऐन निघायच्या वेळी पाळली. कोमट पाण्यात निब, तिच्याखालची शाई आणणारी जीभ, सगळं लख्ख केलं आणि घाईत ओलंच भरलं. बँकेत विनायक आणि मी सोबत होतो. काउंटरवरच्या बाईनं दोरीला बांधलेलं बॉलपेन पुढं सरकवलं, "अम्मा, हे तगोळ्ळी." अक्कांनी ते मागं सारलं, आपलं पेन काढलं, टोपण मागं लावलं आणि सही केली. दिसेचना! पाणी मिसळलेली शाई, बाळाच्या दुधाच्या बाटलीतल्या शेवटच्या थेंबासारखी फिकी. बाई म्हणाल्या, "म्हणूनच सांगत होते. नाहीतर अंगठा आहेच की." विनायकनं माझ्याकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत 'मी म्हणत नव्हतो?' असं स्वच्छ लिहिलेलं.

"दुसरा फॉर्म द्या," अक्का कानडीत म्हणाल्या, मुख्याध्यापिकेच्या आवाजात. बाई उठल्या. दुसरा फॉर्म येईतो अक्कांनी माझा हात ओढला, तळवा उलगडला आणि त्यावर रेघा मारायला लागल्या. एक फिकी, त्यापुढची थोडी निळी, मग निळी, मग चांगली गडद. गुदगुल्या होत होत्या, पण मी श्वाससुद्धा घेतला नाही. रंग मनासारखा आला तेव्हा त्या थांबल्या, नवा फॉर्म सरळ केला आणि गिरवल्यासारखी नव्हे, तर प्रगतिपुस्तकांचा गठ्ठा संपवायला बसल्यासारखी सही केली. सगळे गोल मिटले. बाईंनी शिक्का मारायला हात उचलला तर म्हणाल्या, "स्वल्प थांबा, वाळू द्या." सगळी रांग वाळायची वाट बघत उभी राहिली. बाहेर आल्यावर त्यांनी विनायकला आणि मला मसाला डोसा खिलवला, आणि मी तो डाव्या हातानं खाल्ला. उजवा धुववेना.

त्यानंतर त्यांनी मिळेल तिथं सही केली. कुरियरवाल्याला, गॅसवाल्याला, सोसायटीच्या निषेधाच्या अर्जावर तर विषय न वाचता. विनायक चिडवायचा, "अक्का, एखाद्या दिवशी इस्टेट माझ्या नावावर करायचा कागद पुढं सरकवतो." त्या म्हणायच्या, "सरकव की. आधी वाचून शुद्धलेखन तपासीन."

मग या पावसाळ्याच्या शेवटी त्या न्हाणीघरात पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन करायचं ठरलं, आणि डॉक्टरांनी हृदय अशक्त असल्याचं आडपडदा न ठेवता सांगितलं. संमतीचा कागद घेऊन आलेली नर्स भली मुलगी होती. त्यांना हलवायला नको म्हणून स्वतःच म्हणाली, ठसा दिला तरी चालेल. अक्कांनी विनायककडून मला फोन लावून घेतला. "मुग्धम्मा, माझं पेन आण." मी पर्समध्ये टाकून रिक्षानं आणलं. आडवं हिंदकळत आलं, टोपणात शाई सांडली होती. शाईपेन उताणं लिहीत नाही, म्हणून पलंगाची डोक्याकडची बाजू वर उचलावी लागली. खुब्यातून कळ गेली तेव्हा त्यांनी ओठ चावला. पण "पुरे" म्हणाल्या नाहीत. विनायकनं पुठ्ठा धरला होता. तो इतका कापत होता की अक्काच म्हणाल्या, "तू हलू नको की, विनू. माझा हात हलतो तेवढा बास." त्यांनी सही केली. शेवटचा गोल मिटायला वेळ लागला, पण मिटला. ऑपरेशन झालं. हृदयानं दोन दिवस साथ दिली, आणि मग नाही दिली.

पेन आता विनायककडे आहे. परवा त्याचा फोन आला, "ए, मी ते धुतलं, आता फिकं येतंय, बिघडलं का?" मी म्हटलं, "ओलं भरलंस ना? घराणं कुठं जाईल!" आम्ही दोघंही खूप हसलो. मला त्यांची आठवण रोज येते आणि ती मला हवी आहे. नळ गळायला लागला की आधी त्यांनाच हाक मारावीशी वाटते.

पण एक सांगायचं राहिलं. अक्का गेल्या त्या दिवशी त्यांना घरी आणलं. विनायकच्या बायकोनं आणि मी त्यांना अंघोळ घालून मोतिया रंगाची साडी नेसवली. मग मंडळी तोंडात पाणी घालायला आत आली. विनायकची चिक्कम्मा, म्हणजे त्याची मावशी, म्हैसूरहून आली होती. स्वच्छतेची मोठी कडक बाई. अक्कांच्या मधल्या बोटावर, पेरापासून नखापर्यंत, टोपणातून सांडलेल्या शाईचा निळा डाग तिला दिसला. आमच्या अंघोळीनं तो निघाला नव्हता. "अय्यो, हे काय लागलंय? अशी कशी पाठवायची हिला?" म्हणत तिनं लिंबाची फोड मागवली आणि ती बोट चोळायला लागली. मी पुढं होणार, तेवढ्यात विनायक तिच्याजवळ खाली बसला. त्यानं अक्कांचा हात तिच्या हातातून हळूच सोडवून घेतला आणि आपल्या मांडीवर ठेवला.

"राहू दे, चिक्कम्मा," तो म्हणाला. "सही केलीय तिनं."