वडशातलं बर्फाचं मशीन

माणसं आमच्या गॅरेजात मशीन आणतात, दुरुस्त झालं की घेऊन जातात. किस्सा मात्र आमच्याकडेच राहतो! वडशात राइस मिलच्या गल्लीत आमचं पत्र्याचं शेड आहे. मालक देवाजीभाऊ, लेथवर रहीमभाई आणि वेल्डिंगला मी, प्रमोद. तीनच माणसं, पण चहाला कोणी बसलं की एक किस्सा निघतो, त्याच्या मागून दुसरा, आणि चहा थंड होतो.

त्यातले बर्फाच्या मशीनचे किस्से लोक मुद्दाम सांगायला लावतात. "गडचिरोलीत बर्फ? सांग ना बे!" मी सांगतो. लोक हसतात. मग ते निघून जातात आणि माझं दिवसभर कामात मन लागत नाही.

०

डिसेंबरात एटापल्लीकडून एक पिकअप आली. ड्रायव्हरच्या शेजारून पन्नाशीची एक बाई उतरली. जैनीबाई, तिकडच्या एका गावच्या ग्रामसभेची अध्यक्ष. मागची ताडपत्री काढली तर आत एवढासा ट्रॅक्टर!

रहीमभाई लेथ बंद करून बाहेर आले. "हे तर ट्रॅक्टरचं पिल्लू आहे, भाऊ!"

त्यांच्या गावाजवळ पूर्वी एक परदेशी डॉक्टर जोडपं दवाखाना चालवायचं. भाजीच्या वाडीसाठी त्यांनी त्यांच्या देशातून हा जुना ट्रॅक्टर मागवला होता. ते म्हातारे होऊन परत गेले, दवाखाना बंद झाला, ट्रॅक्टर गावाकडे राहिला. सोबत एक लाकडी पेटी होती, ती जैनीबाईनं उघडेपर्यंत कोणी कधी उघडलीच नव्हती. पाठवणाऱ्यानं बिचाऱ्यानं घरात जे होतं ते सगळं भरून दिलं असावं.

पेटीतून निघालं एक लोखंडी तोंड. आडवं, रुंद, आत राइस मिलमधे असतो तसला फिरणारा स्क्रू आणि वर वाकडी चिमणी. पत्र्यावर चित्र होतं. कानटोपी घातलेला माणूस आणि मागं छपरापर्यंत पांढरं झालेलं घर. रहीमभाईंनी अक्षरं लावली आणि ओरडले, "भाऊ, हे बर्फ फेकाचं मशीन आहे!"

देवाजीभाऊ म्हणाले, "बाई, तुमच्या गावात बर्फ पडते का?"

"बर्फ नाई पडत," जैनीबाई शांतपणे म्हणाली. "सागाची पानं पडतेत."

जंगलाची आग गावाकडे येऊ नये म्हणून ते लोक दरवर्षी जाळरेषा साफ करतात. म्हणजे जंगलातून एक रुंद पट्टा झाडून कोरा करायचा. पान नाही, तर आगीला पुढं सरकायला काही नाही. सगळा गाव दहा दिवस झाडतो, आणि एक वारा सुटला की पट्टा पुन्हा भरतो. जैनीबाईनं ते चित्र पाहून डोकं चालवलं होतं. बर्फ गिळून बाजूला फेकते, तर पानं काऊन नाई फेकणार?

"होळीच्या आत पाहिजे," ती म्हणाली.

रहीमभाईंना थट्टेची सवय. "एवढी काऊन घाई, बाई? पानं काय पळून चालले?"

"गेल्या साली आमची सासू मोह वेचाले गेली होती," जैनीबाई म्हणाली. "आग आली."

पिकअपच्या ड्रायव्हरनं मान दुसरीकडे फिरवली. रहीमभाई आत गेले आणि लेथ चालू केला. लेथवर त्या वेळी काहीच लावलेलं नव्हतं!

०

ते तोंड त्या ट्रॅक्टरचं नव्हतंच. एकाच कंपनीचं असेल, पण मॉडेल वेगळं. ट्रॅक्टरच्या नाकाला एकही भोक जुळेना. आम्ही जुन्या ट्रकचं चॅनेल कापून ब्रॅकेट केलं, इंजिनच्या पुलीवरून बेल्ट पुढं आणला, तोंड उचलायला हँडल लावलं. सायलेन्सरमधून ठिणगी उडून पानं पेटू नयेत म्हणून त्यावर जाळी बसवली. रहीमभाई म्हणाले, "आग विझवाले चाललो आणि आपणच लावून बसू!"

बोल्ट सगळे इंचातले. वडशाच्या बाजारात सगळे मिलिमीटरचे. मग रहीमभाई एकेक बोल्ट लेथवर करत बसले आणि त्या परदेशी कंपनीला उर्दूत जे काही म्हणत होते, ते मी इथे लिहीत नाही.

देवाजीभाऊ दर मापाला मला हाक मारायचे. "प्रमोद, वाच बरं. माझा चश्मा घरी राह्यला." आठवडाभर चश्मा घरी राहिला. मग महिनाभर राहिला. शेवटी मी म्हणालो, "भाऊ, एकदा तुम्ही घरी राहा आन् चश्म्याले पाठवा. रोज तुम्ही येता आन् तो राह्यते!"

ते हसले नाहीत. मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं.

०

जानेवारीत आमच्याकडे नाटकवाल्यांची गर्दी असते. झाडीपट्टी नाटकांचा सीझन, कोणाचे स्टेजचे पाइप वाकलेले, कोणाचा जनरेटर बसलेला. असाच एक कंपनीवाला आला. त्याला रहीमभाईंनी सांगितलं, हे बर्फ फेकते.

तो हात जोडूनच उभा राहिला. "भाऊ, एक दिवस द्या. माझ्या नाटकात काश्मीरचा सीन आहे. हिरो बर्फात मरते. मी तीन वर्षांपासून वरून कापूस टाकून राह्यलो, लोक हसतेत!"

देवाजीभाऊ म्हणाले, मशीन परक्याचं आहे, देता येत नाही. पण आम्हालाही ट्रायल घ्यायचीच होती. तो दोन पोती थर्माकोलचे दाणे घेऊन आला. भर दुपारी गॅरेजच्या अंगणात दाणे पसरले, मी ट्रॅक्टर चालू केला आणि क्लच सोडला.

काय सांगू! चिमणीतून पांढरा फवारा असा उडाला की शेड दिसेना, गल्ली दिसेना. मिलमधले हमाल पोती टाकून पाहायला आले. कंपनीवाला नाचत होता. रहीमभाईंची दाढी होती तेवढीच, पण दुप्पट दिसायला लागली.

देवाजीभाऊ मधोमध उभे होते. डोक्यावर, खांद्यावर सगळं पांढरं. मी मशीन बंद करून ओरडलो, "भाऊ, बाजूले व्हा ना! काही दिसून नाई राह्यलं!"

ते म्हणाले, "मले तर रोजच असं दिसते."

कंपनीवाल्याला वाटलं, भाऊंनी डायलॉग मारला. तो खो खो हसला. रहीमभाईंनी हळूच माझ्या हातातला पाना घेतला आणि खाली ठेवला.

०

आता माझा किस्सा. तो मी सहसा सांगत नाही.

त्या स्क्रूच्या दांड्यात एक बोल्ट नरम लोखंडाचा ठेवतात. दगड अडकला की तो बोल्ट तुटतो आणि मागचा गिअरबॉक्स वाचतो. देवाजीभाऊंनी मला दहादा सांगितलं होतं, "नरमच लावजो." पण ट्रायलमधे तो दोनदा तुटला. मला वाटलं, जंगलात त्या बाईनं दर वेळी बोल्ट कुठं बदलत बसायचं? मी चांगला कडक बोल्ट लावला. कोणाला न विचारता. भलाई करायला गेलो!

फेब्रुवारीत जैनीबाई मशीन पाहायला आली. आम्ही रेल्वे लाइनजवळच्या मैदानात पानं पसरून दाखवलं. शंभर पावलं छान गेलं. मग पानांखालचा गोटा आत गेला. बोल्ट तुटला नाही. आतून हाड मोडल्यासारखा आवाज आला आणि सगळं थांबलं.

गिअरबॉक्स उघडला तर आतल्या पितळी चाकाचे दात साफ. असा गिअर आता त्या देशातही मिळत नसेल. होळीला महिना उरलेला.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात देवाजीभाऊ म्हणाले, "बाई, चूक माझी. बोल्ट मी लावला. मले दिसत नाई आजकाल."

जैनीबाईनं त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "होळीच्या आत होईन का?"

"होईन," देवाजीभाऊ म्हणाले.

ती गेल्यावर मी त्यांच्याजवळ गेलो. "भाऊ, काऊन खोटं बोलले?"

"तुले इथी अजून तीस वर्षं काम कराचं आहे," ते म्हणाले. "माझं झालं."

०

रहीमभाईंनी गनमेटल धातूचा नवा गिअर कापला. कापला म्हणजे अर्धा लेथवर आणि अर्धा हातानं, कानशीनं घासून. तेवढे दिवस ते थट्टा विसरले होते. गॅरेजात फक्त कानशीचा आवाज.

त्याच आठवड्यात देवाजीभाऊंच्या मुलीनं त्यांना ओढून नागपूरला नेलं. मोतीबिंदू होताच, पण मागं काचबिंदू निघाला. डॉक्टर म्हणाले, काचबिंदूनं गेलेली नजर परत येत नाही. एक डोळा गेलाच आहे, दुसऱ्यात थोडा उजेड राहील. दिवाळीतच यायला पाहिजे होतं.

दिवाळीत मुलीनं तिकीट काढलं होतं. भाऊ म्हणाले होते, धानाचा सीझन होऊ दे. मग हे पिल्लू आलं, तर म्हणाले, हे होऊ दे.

गिअर बसवल्यावर रहीमभाईंनी फोन लावून मशीनजवळ धरला. पाच मिनिटं इंजिन ऐकवलं. मग विचारलं, "कसं वाटते, भाऊ?"

पलीकडून आवाज आला, "डाव्या बाजूची बेअरिंग ओरडून राह्यली. ग्रीस मार."

मारलं. खरंच ओरडत होती!

०

होळीच्या चार दिवस आधी मी मशीन घेऊन जैनीबाईच्या गावी गेलो. पहिल्या दिवशी सगळा गाव जाळरेषेवर जमला. सागाची वाळली पानं, एकेक सुपाएवढं, पुढून आत जात होती आणि चिमणीतून चुरा होऊन लांब उडत होती. मागं लाल माती. म्हातारे हसत होते. एकानं गोंडीत काहीतरी म्हटलं आणि सगळ्यांत खसखस पिकली. मी जैनीबाईला विचारलं. ती म्हणाली, "म्हंते का, हे मशीन आधी आलं असतं तर मी बायको केलीच नसती!"

तीन दिवस चालवलं. रोज बोल्ट तुटत होते. नरम बोल्ट. मी बदलत होतो. पाऊण रेषा झाली. नाल्यापर्यंतचा शेवटचा तुकडा राहिला होता.

चौथ्या दिवशी दुपारी पलीकडच्या डोंगरावर धूर दिसला. वारा गावाकडे. मी ट्रॅक्टर पळवला. जैनीबाई हातात फांदी घेऊन पुढं धावत होती, दगड दाखवत होती. पंधरा मिनिटं झाली नसतील, बेल्ट जळाल्याचा वास आला आणि फट्‌कन तुटला. दुसरा बेल्ट गावात, दोन किलोमीटरवर. आगीचा आवाज ऐकू यायला लागला होता.

पुढं जैनीबाईच्या वाट्याची मोहाची झाडं होती. खाली पानांचा थर आणि त्यावर त्या दिवशीची ताजी फुलं. मोहाचा हंगाम नुकताच लागला होता. वर्षाचं घर त्याच्यावर चालायचं.

आग समोरून येत असेल तर एक उपाय असतो. आपणच अलीकडून पानं पेटवून द्यायची. मोठी आग येईपर्यंत तिला खायला काही राहत नाही. बाकीचे लोक जैनीबाईकडे पाहत उभे राहिले.

तिनं माझ्याकडे काडेपेटी मागितली. मी खिशातून ती काढली. तिनं पेटी घेतली आणि आपल्या झाडांखाली स्वतः काडी लावली.

आग तिथंच थांबली. गाव वाचलं. गावाचं बांबूचं रान वाचलं. झाडं उभी राहिली, पण फूल आणि वरच्या कळ्या सगळं करपलं. जैनीबाई नाल्याच्या काठावर बसून पायाची राख धूत होती. मी जवळ गेलो, तर म्हणाली, "तू जेवला का?"

०

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघालो. गावातल्या बाया आपापल्या झाडांखालचे मोह वेचून परत येत होत्या. दर झाडाचं फूल वेगळं, कोणाचं जाड, कोणाचं जास्त गोड. येता येता एकेक जण जैनीबाईच्या दारात थांबायची, तिच्या टोपलीत एक ओंजळ टाकायची आणि पुढं जायची.

जैनीबाईनं त्यातली फुलं पानात बांधली. "देवाजीभाऊले देजो. बेल्ट तुटला म्हून सांगू नोको. म्हन, पूरी रेषा साफ झाली."

संध्याकाळी मी वडशाला भाऊंच्या घरी गेलो. ते ओसरीत खुर्चीवर बसले होते. मी सांगितलं, मशीन एकदम झकास चाललं. पूरी रेषा साफ झाली. आग आली, पण अडली. गाव वाचलं.

"बोल्ट?"

"नरमच, भाऊ."

"आन् जैनीबाई?"

"खुश आहे. तुमच्यासाठी मोह पाठवले."

मी पुडी त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी एक फूल तोंडात टाकलं. चावलं. मग दुसरं. मग तिसरं जरा सावकाश.

"प्रमोद, एक ताट आन."

मी ताट आणून दिलं. त्यांनी सगळी फुलं त्यात ओतली. एकेक उचलून बोटांनी दाबायचे, मधूनच एखादं चाखायचे, आणि बाजूला ठेवायचे. जाड एकीकडे. लहान एकीकडे. जास्त गोड तिसरीकडे. ताटात चार ढीग झाले, पाच झाले. घरातून त्यांच्या मुलीनं विचारलं, "बाबा, काय करून राह्यले?" त्यांनी आणखी एक फूल चाखलं.

शेवटचं फूल ठेवून झाल्यावर त्यांनी ताट माझ्यासमोर धरलं.

"यातला जैनीबाईचा कोनता, बे?"