बंडूची गाढ झोप

आमच्या चाळीच्या भिंती इतक्या पातळ, की एका खोलीत घडलेला किस्सा संध्याकाळपर्यंत सगळ्या खोल्यांत घडून जायचा, आणि प्रत्येक खोलीत जरा वेगळा. मी त्यातले माझ्या बंडूचे तेवढे वेचून ठेवलेत. शुक्रवार पेठेतल्या त्या चाळीत माझ्या तान्ह्या पोराला कुणीतरी चोरून अफू चारत होतं, आणि कोण ते मला कळत नव्हतं!

मी दुपारी मुलींच्या शाळेत शिकवायला जायची. महाराजांच्या राज्यात शाळा निघत होत्या आणि मास्तरणी मिळत नव्हत्या, म्हणून माझ्यासारखीलाही घेतलं. बंडू शेजारी गोदाकाकूंकडे असायचा. आधी दिवसभर रडायचा आणि शेजारचे भिंत ठोकायचे, मग एकाएकी थांबला. मी अंबाबाईला हात जोडले. पुढं एकदा दारावरून हलगी कडकडवत वरात गेली आणि हा पाळण्यात हललासुद्धा नाही. मी जोडलेले हात सोडवून घेतले.

*

प्रथम ह्यांना सांगितलं. हे सकाळच्या शाळेत मास्तर, व्यसनांवर व्याख्यानं देणारे. दुपारी घरी बसून एक रहस्यमय कादंबरी लिहायचे. एका चाळीत भाडेकरू एकामागून एक मरतात आणि खुनी सापडत नाही, अशी. मूल सांभाळणं अर्थातच कथानकात बसत नव्हतं.

ह्यांनी मान वर न करता विचारलं, मूल शांत झालं ही तक्रार आहे का? आणि म्हणाले, "चार दिवसांत दोन खून लिहून झालेत. आता नसते संशय काढू नकोस."

त्या रात्री जेवताना मी ह्यांच्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं.

*

मग गोदाकाकू. मुलं-बाळं नाहीत, अर्धशिशीचा त्रास, कपाळाला कायम सुंठीचा लेप. संशयाला एवढं पुष्कळ झालं. मी आडून आडून विचारलं, पण आडून विचारणं मला कधी जमलेलं नाही.

काकू तांदूळ निवडत होत्या. निवडतच राहिल्या.

"माझं डोकं दुखतं म्हणून मी लेकराला अफू देईन होय? द्यायचीच झाली असती तर तुझ्या नवऱ्याला दिली नसती? पहाटे खून मोठ्यानं वाचतो तो."

मी माफी मागितली. वर त्यांनी जाता जाता सुचवलं, की पैलवानाच्या खोलीतून काय काय कुटल्याचा आवाज येतो ते बघ जरा.

*

दत्तू पैलवान समोरच्या खोलीत. पहाटे तालीम, दुपारी झोप, आणि मधल्या वेळात बदाम-खसखस घोटून थंडाई. खसखस आणि अफू एकाच झाडाची, हे मी मुलींना शिकवत होते! ह्यांना तपासाला पाठवलं. कादंबरीला उपयोग होईल म्हणून गेले.

दिवे लागले तरी परत येईनात. बघते तर पैलवानाच्या घोंगडीवर हे घोरतायत, शेजारी रिकामा लोटा.

पैलवान हात जोडून म्हणाला, "वैनी, दोन लोटं प्यालं की मास्तर. माज्या थंडाईत काय न्हाय. त्येंची तब्बेतच शिकलेली हाय."

*

राहिल्या अमिनाबी. त्यांचे मालक पुस्तकं बांधायचे. काकू स्वयंपाकाला लागल्या की बंडूला अमिनाबी घेत. एक दिवस मी शाळेतून लवकर सुटले आणि खिडकीच्या फटीला डोळा लावला. त्यांनी वाटीत बोट बुडवलं आणि बंडूच्या तोंडात घातलं.

मी आत धावले, वाटी हिसकावली आणि पुराव्यासाठी पूर्ण चाटली. मध होता. तोही चांगला, पन्हाळ्याकडचा.

अमिनाबी शांतपणे म्हणाल्या, "अफू असती तर तुला आता कोण उठवलं असतं गं पोरी?"

मग त्यांनी मला खाली बसवलं. म्हणाल्या, पोरगं माझ्याकडं येतं तेच पेंगत. आणि चाळीत काय बोलतात ते तुला ठाऊक नाही वाटतं. शिकलेली बाई नोकरीसाठी स्वतःच पोराला गुंगवून जाते, असं बोलतात.

घरी आल्यावर मी माझीच पेटी उचकून पाहिली. म्हटलं, खात्री असावी.

*

आणि मग ती दुपार. शाळेतून आले, बंडूला उचललं, तर मान लुळी. ओठ निळसर, श्वास कुठंतरी लांबून येणारा. पैलवानानं धावत जाऊन डॉक्टरांना आणलं. त्यांनी पापणी उघडली. बुबुळ टाचणीच्या टोकाएवढं झालं होतं.

"कुणी दिली ते मागनं बघू," डॉक्टर म्हणाले. "ह्याला झोपू द्यायचं नाही. आवाज करा."

ज्या चाळीला शांतता हवी होती, तिनं तो आवाज केला! काकूंनी हंड्यावर पळी बडवली. पैलवानानं शड्डू ठोकले. अमिनाबी तळपाय चोळत त्याला मोठमोठ्यानं रागवत होत्या. ह्यांनी कादंबरीतल्या किंकाळ्या एकेक करून मारून दाखवल्या. मला काहीच येईना, म्हणून मी बेचा पाढा ओरडत होते आणि चुकत होते.

दिवेलागणीला बंडूनं तोंड वाकडं केलं आणि भोकाड पसरलं.

डॉक्टर हात धुताना सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "सकाळी फौजदार घेऊन येतो. सगळ्या खोल्यांची झडती होईल."

बंडू रात्रभर रडला. कुणीही भिंत ठोकली नाही. अंगणाकडची दारं मात्र एकेक करून करकरत राहिली.

सकाळी फौजदार आले. प्रत्येक खोली उलटीपालटी केली. डबे, उशा, पैलवानाचा खल, ह्यांच्या कादंबरीची पानं. कुठं तिळाएवढी अफू नाही.

निघताना ते अंगणात थबकले. केर टाकायच्या खड्ड्याभोवती अमिनाबींच्या सगळ्या कोंबड्या आडव्या पडल्या होत्या. मेलेल्या नव्हत्या. कोंबडा तर चक्क पाय वर करून घोरल्यासारखा.

फौजदारांनी छडीनं एकीला ढोसलं. तिनं एक डोळा उघडला आणि मिटला.

"ह्यांना काय झालंय?"

गोदाकाकूंनी पदर सारखा केला. "पोरगं रात्रभर रडलं की, साहेब. बिचाऱ्यांचं जागरण झालंय."

चाळीतल्या सगळ्या माना एकदम हलल्या. ह्यांचीही.