कपाच्या कानाजवळची बाई

सकाळचे साडेनऊ. कुकरची दुसरी शिट्टी झाली होती, तवा तापला होता, आणि आमचे हे एका पायात मोजा घालून दुसरा शोधत घरभर फिरत होते. आमच्या घराला बेल आहे. तरी दार वाजलं ते तळहातानं, धाडधाड, तीनदा.

उघडलं तर साधना मनवर. मागच्या गल्लीत राहते, घराच्या पुढच्या खोलीत कपांवर फोटो छापून देते. ओढणी कमरेला खोचलेली, केस नुसते गुंडाळलेले, हातात जड कापडी पिशवी.

"सर गेले का, वहिनी?"

"नाही. मोजा शोधून राह्यले."

"बरं झालं."

चप्पल काढली ती जवळजवळ भिरकावलीच. आत आली, टेबलावरचा पोळ्यांचा डबा बाजूला सारला आणि पिशवीतून तीन पांढरे कप काढून ओळीनं मांडले. तिन्हींचे कान एका बाजूला.

"पाहा, सर."

ह्यांच्या शाळेचे मुख्याध्यापक यज्ञेश्वर सर शनिवारी निवृत्त होणार होते. त्यांच्याबरोबर सगळ्यांचा एक फोटो काढला, तो कपावर छापायचा, खाली ज्याचं त्याचं नाव टाकायचं आणि ज्याला त्याला आठवण म्हणून द्यायचा, असं ठरलं होतं. फोटो आणि नावांची यादी देण्याचं काम ह्यांच्याकडे. आज गुरुवार.

ह्यांनी एक कप उचलून फिरवला. "छान झाले ना!"

"काय छान झाले? कानाजवळ पाहा."

मीही वाकून पाहिलं. एकाच ओळीत सगळे उभे. मधात हार घातलेले यज्ञेश्वर सर, दोन्ही बाजूंना शिक्षक. डावीकडे ओळ संपते तिथं गुलमोहराचं खोड. उजवीकडे ओळ संपते तिथं, अगदी कपाच्या कानाला लागून, एक बाई. हिरवं लुगडं मानेपर्यंत कळत होतं. त्याच्या वर जे होतं ते तांदळाच्या धुवणासारखं. डोळे नाहीत, तोंड नाही. दुसऱ्या कपावर अर्धा चेहरा होता. तिसऱ्यावर चेहरा होता, पण नाकं दोन.

"ह्या रुपीबाई ना?" मी म्हटलं.

रुपीबाई ह्यांच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवतात. एकोणीस वर्षं झाली. झेंडावंदनाला मी गेले की 'वहिनी, गरम आहे तोवर खाऊन घ्या' म्हणून कागदाच्या प्लेटमध्ये आग्रहानं वाढतात.

"अगं, ती बाजूलाच तर आहे," हे म्हणाले. "चालून जाते."

"काय चालून जाते, सर?"

"म्हणजे कान आला की तिथं फिकट होणारच ना. लोकांना समजते. आणि नसेलच जमत तर तेवढा भाग कापून टाक. एक तोंड कमी झालं की बाकीचे मोठे येतील."

मोजा सापडला होता. तो घालता घालता बोलले. वर पाहिलंही नाही. मला जे लागलं ते हे. रागानं बोलले असते, तर मी समजून घेतलं असतं.

साधना म्हणाली, "तुमच्या बाजूनं कापू का मंग? गुलमोहरापासून तुम्ही तिसरेच हाये. तीन तोंडं कमी झाले का अजून मोठे येतीन."

हे हसले. "काहीतरीच काय! मी शाळेचा आहे, बाई."

"आन् ते कुठची हाये?"

ह्यांनी घड्याळ पाहिलं, डबा उचलला. "शनिवारी सकाळी कप पाहिजेत बरं का साधना, उशीर नको," म्हणत गाडीला किक मारून गेले. मी गॅस बंद केला. तवा तसाच राहिला. कणिक झाकली आणि तिच्यासोबत निघाले.

आमच्या गल्लीत साधनाला खडूस म्हणतात. का म्हणतात ते मला ठाऊक आहे. मागच्या वर्षी एक गृहस्थ लग्नाच्या वाढदिवसाचा कप घ्यायला आले होते. त्यात बायकोचा चेहरा फिकट उतरला होता, म्हणून साधनानं तो बाजूला ठेवून उद्या या म्हटलं. ते म्हणाले, 'द्या हो, चालते, तिले काय समजते.' तिनं त्यांच्या तोंडावर दार लावलं. कडीसुद्धा. ते बिचारे दहा मिनिटं बाहेर उभे. 'चालते' हा शब्द तिच्यापुढे काढायचाच नाही.

तिचं माहेर राळेगाव तालुक्यातलं. बारावी झाली आणि लग्न होऊन दिग्रसला आली. नवरा रवी जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी चढवण्याच्या कामावर. पुसदला एक फोटो स्टुडिओ बंद पडत होता, तिथलं कपावर फोटो छापायचं जुनं हीट प्रेस तिनं घेतलं आणि पुसदहून दिग्रसपर्यंत एसटीत मांडीवर घेऊन आली. कंडक्टर म्हणाला, 'बाई, सामान वर टाका.' ही म्हणाली, 'हे वर टाकाचं सामान नाही.' सगळ्या रस्त्यानं दोघांचं भांडण. उतरताना त्यानंच मशीन खाली उतरवून दिलं म्हणे.

शिकवायला कुणी नव्हतं. बिघडवत बिघडवत शिकली. आणि बिघडलेला कप ती फेकत नाही. त्यामुळे तिच्या घरी चहा प्यायचा म्हणजे कुणाच्या तरी फिकट साखरपुड्यात प्यायचा. त्या दिवशीही तिनं मला चहा दिला तो कुण्या अनोळखी बाळाच्या पहिल्या वाढदिवसात. केक लाल होता, बाळ जवळजवळ नव्हतंच.

"बसा वहिनी, दाखवतो तुमाले काय होऊन राह्यलं," ती म्हणाली. रागात असली की ती पुरुषासारखी 'दाखवतो, करतो' बोलते.

फोटो कागदावर उलटा छापलेला असतो, आरशात पाहिल्यासारखा. तो कागद कपाला गुंडाळायचा, टेपनं पक्का करायचा आणि प्रेसमध्ये ठेवून दांडा दाबायचा. आत एक गोल वाकलेला, जाडसर तापणारा पट्टा असतो, तो कपाला बाहेरून आवळतो. तीन-साडेतीन मिनिटं. कागदावरची शाई धूर होऊन कपाच्या लेपात शिरते.

"पण हा पट्टा कपाले पुरी मिठी नाही मारत," साधना म्हणाली. "कान मधात येते ना. कानाच्या दोन्ही बाजूनं बोटभर जागा सुटते. तिथं दाब नाही, आच नाही. जो तिथं उभा असीन तो पांढरा."

"मग फोटो लहान कर. कानापासून दूर राहील."

"केला. मंग सगळ्यांचे तोंडं तिळासारखे. बावीस लोकं एका ओळीत उभे करणारा कोण शहाणा होता कोण जाणे. दोन ओळी करता नव्हत्या येत?"

तिनं आधी रिकामाच कप तापवला, कारण कपाचं बूड जाड असतं आणि थंड राहिलं तर खालची शाई नीट लागत नाही. मग कागद गुंडाळला. मी टेप फाडून देत होते. पहिल्यांदा नेहमीसारखं दाबलं. मग दांडा ढिला करून, कागद तसाच ठेवून, कप बोटभर फिरवला, म्हणजे कानाकडची बाजू पट्ट्याखाली आली, आणि पुन्हा दाबलं, निम्म्या वेळासाठी. पण फिरवताना कागद केसभर सरकला की संपलं. सरकला. रुपीबाईंना चार डोळे.

"मुडदा बसो तुया!" हे प्रेसला.

पुढच्या वेळी तिनं कागदाच्या वरच्या काठाला टेप लावली, खालच्याही, आणि कानाच्या पोकळीतून टेपची एक पट्टी आरपार घेतली. कागद हलला नाही, पण तेवढ्यात पंखा मंदावला. व्होल्टेज गेलं. प्रेसवर तापमानाचा आकडा एकशेऐंशी दाखवत होता, कप मात्र कोमट निघाला. ती कमरेवर हात ठेवून त्या आकड्याकडे अशी पाहत होती की मला वाटलं आता त्यालाही शिवी बसते.

"जाऊ दे ना साधना, थोडं थांब."

"काहून थांबू? सर कापा म्हणते. एका मिनिटात कापणं होते, वहिनी. कात्री नाही लागत, माऊसनंच होते. म्हणूनच तर डोक्शात राग जाऊन राह्यला."

पंख्यानं वेग धरल्यावर तिनं पुन्हा कप तापवला. त्या वेळी कप फिरवताना ती श्वास घेत नव्हती आणि मीही नाही. हातमोजे घातलेल्या बोटांनी गरम कागद एका ओढीत सोलला.

रुपीबाई आल्या. लुगड्याचा हिरवा, दोरी बांधलेला चष्मा, हनुवटीवरचे गोंदणाचे तीन ठिपके. हात मागे लपवलेला होता, पण खांद्याच्या वर खिचडीच्या झाऱ्याचं टोक दिसत होतं. स्वयंपाकातूनच उठून आल्या असणार, ठेवायला वेळ मिळाला नसेल. आतापर्यंतच्या एकाही कपावर तो झारा मला दिसला नव्हता.

साधनानं कप खिडकीशी नेऊन दोनदा पाहिला आणि म्हणाली, "चला. आता असेच सगळे. नावं वाचा, मी टाइप करते."

यादी ह्यांच्या अक्षरात. माझ्या किराण्याच्या यादीसारखीच, प्रत्येकापुढे आकडा आणि आकड्याभोवती गोल. मी वाचत गेले. यज्ञेश्वर सरांचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. मग ज्येष्ठतेनं सगळे. नव्या लागलेल्या भैरवी मॅडम विसाव्या. एकविसावे शिपाई नागोराव, त्यांचंही पूर्ण नाव, पुढे 'श्री.' लावून.

"पुढं?"

"संपली."

"पान उलटवा."

उलटवलं. मागे कोरं होतं.

साधनानं हातमोजे काढले. एक एक बोट करून काढले. "तोंडं बावीस, नावं एकवीस. म्हंजे मी सकाळपासून जिच्यासाठी पाच कप जाळले, तिले कप नाहीच."

मला माझ्या नवऱ्याची बाजू घेता आली नाही. घ्यावीशी वाटलीही नाही.

यादी आणि जमलेला कप घेऊन दोघी शाळेत पोचलो तेव्हा मधली सुट्टी होती. शिक्षकांच्या खोलीत डबे उघडलेले, लोणच्याचा वास. खिडकीतून मागचा नळ दिसत होता आणि नळाखाली रुपीबाई खिचडी शिजवायचा मोठा गंज राखेनं घासत होत्या, त्यात खांद्यापर्यंत हात घालून.

साधनानं कप यज्ञेश्वर सरांपुढे ठेवला. माणूस तसा चांगला. "वा! काय सुरेख!" म्हणाले. कप हातोहात फिरला. भैरवी मॅडम म्हणाल्या, "अय्या, माझी टिकलीसुद्धा दिसते!"

"सर, यादीत रुपीबाईचं नाव नाही," साधना म्हणाली.

"राहून गेलं असेल. काय हो, गंधे सर?"

आमचे हे मला दारात पाहून आधीच गडबडले होते. "राहिलं नाही सर. स्टाफची यादी केली. त्या मानधनावर आहेत, स्टाफमध्ये येत नाहीत."

"मंग फोटोत कशा आल्या?"

"तिथं उभ्या होत्या."

"उभ्या होत्या का उभ्या केल्या?"

 भैरवी मॅडमच सहज म्हणाल्या, "ते गुलमोहराच्या विरुद्ध टोकाला मोकळं मोकळं दिसत होतं ना, म्हणून फोटोवाल्यानं त्यांना हाक मारली."

माझे कान तापले. मोकळं दिसत होतं म्हणून बोलावलं आणि फिकट आली म्हणून कापा. आणि कापा म्हणणारा माणूस माझ्या हातचा डबा समोर ठेवून बसलेला, घास तोंडाशी.

"जागा भराले बाई लागली," साधना म्हणाली. आवाज चढला होता. "कुंडी ठेवाची होती एखांदी! कुंडीले नाव नाही लागत!"

"अहो शांत व्हा, शांत व्हा," यज्ञेश्वर सर म्हणाले. "एक कप त्यांनाही करा. त्यात काय एवढं. नाव टाका, रुपीबाई."

"बाकीच्यांचे पूर्ण नावं हाये. नागोराव भाऊचंबी हाये. ह्यांचं पूर्ण नाव काय?"

सरांनी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी भैरवी मॅडमकडे.

"राठोड असतील," कुणीतरी म्हणालं.

"नाही हो, चव्हाण ना?"

"तांड्यावरच्या आहेत म्हणजे राठोडच."

आणि कुणीतरी हसलंसुद्धा. मी हसले नाही, पण नाव मलाही ठाऊक नव्हतं. एकोणीस वर्षं त्यांच्या हातचं खाल्लेलं, आणि मी तोंड उघडू शकले नाही. तो राग अजून माझा माझ्यावरच आहे.

"बोलवा ना त्यांना, विचारून घेऊ," भैरवी मॅडम उठल्या.

"बसा मॅडम. नका बोलावू." साधनानं हात आडवा केला. "तिनं येऊन ओले हात पुसत सांगाचं, मी अमकी-तमकी, लिहून घ्या? तिच्या मानधनाच्या कागदावर दर महिन्याले सही करता ना, सर? त्याच्यावर नाव असीन. कपाट तुमच्या मागंच हाये."

खिडकीबाहेर गंज घासल्याचा आवाज थांबला होता. की मला तसं वाटलं.

साधनानं यादी घडीतून काढली, सरांच्या डब्याशेजारी सपाट केली आणि त्यांच्याच खिशातला पेन काढून तिच्यावर ठेवला. आता तिचा आवाज खाली आला होता.

"सर, मले दुसरं काही नाही पाहिजे. बाविसाव्या नंबरावर तिचं पूर्ण नाव तुमच्या हातानं लिहून द्या."