बर्फाचा आवाज

एव्हरशाईन सिटीतल्या स्केटिंग रिंकवर मी मुलीला घेऊन जायचे, तेव्हा ती बाई रोज दिसायची. साठी ओलांडलेली, जवळच्या वटार गावाहून स्कूटीवर येणारी. मुलींच्या चाकांच्या स्केटच्या नाड्या ती स्वतः गुडघे टेकून बांधायची आणि झालं की बुटावर हलकेच टिचकी मारायची. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. मुली तिला आंटी म्हणत.

तिनेच एकदा सांगितलं, तरुणपणी शाळेच्या सिमेंटच्या आवारात तिची आठ जणींची टीम चाकांच्या बुटांवर हॉकी खेळायची. बर्फ फक्त मासळीच्या टोपलीत पाहिलेला, तरी त्या आपल्या खेळाला आईस हॉकीच म्हणायच्या. पुढे त्या जागेवर इमारत उभी राहिली, मैत्रिणी लग्न होऊन पांगल्या. कित्येक वर्षांनी तिने तो खेळ इथे पुन्हा सुरू केला.

यंदा तिच्या रिंकवरच्या टीममधल्या मोठ्या मुलींना लडाखला खऱ्या बर्फावर खेळायला बोलावलं. इतक्या उंचीवर जायला डॉक्टरांनी तिला मात्र मनाई केली.

शनिवारी दुपारी आम्ही दोघी रिंकच्या पायरीवर बसलो असताना तिला लेहहून मुलींचा फोन आला. तिने स्पीकर लावला.

"आंटी, आम्ही तीन गोलांनी हरलो!"

"हरलात तर हरलात गं, काही बिघडत नाही. आता सगळ्या गप्प राहा. फोन बर्फाजवळ धरा आणि एकीनं शेजारून जोरात स्केट करत जा."

फोनमधून आधी करकर आणि मग लांबलचक सर्रर्र ऐकू आलं. तिने डोळे मिटले. तिचे पाय आपोआप एकामागून एक सरकू लागले.

"सिमेंटवर खेळताना हा आवाज आम्ही अंदाजानं तोंडाने काढायचो," ती डोळे न उघडता म्हणाली. "जमला होता की!"