वीटभट्टीवरच्या शेजारणी

मळवली स्टेशनच्या पलीकडं, इंद्रायणीच्या अंगाला, एक बंद पडलेली वीटभट्टी होती. भट्टीवाल्या शेठनं माती संपेपर्यंत रान ओरबाडलं आणि ती संपल्यावर तो दुसरीकडं ओरबाडायला निघून गेला. मागं राहिला एक मोठा खड्डा, जास्त भाजून एकमेकींना चिकटलेल्या विटांचे ढीग, आणि पाय टाकावा तिथं राख. त्या रानात भात येत नव्हतं, नाचणी येत नव्हती. बेशरमीचं झाडसुद्धा तिथं उगवायला लाजायचं.

आणखी मागं राहिली ती माणसं. डोंगरावरच्या वाडीतून भट्टीवर कामाला उतरलेली ठाकर मंडळी. भट्टी विझली तरी ती चढावरच्या कुडाच्या खोपटांत तशीच राहिली. येसूमावशी त्यांतली.

मावशीला मी पाहिलं तेव्हा ती पन्नाशीची असावी. उंच, काटक, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं आणि आवाज असा की लोणावळ्याहून येणाऱ्या गाडीनं शिट्टी वाजवली तर ती कमी पडावी. तिचा नवरा सावळा भट्टी लावायचा. आग कधी द्यायची, भट्टीची तोंडं कधी लिंपायची, हे सगळं त्याच्याकडं. भट्टी चालू होती तेव्हा सगळी वाडी तिथूनच विस्तव न्यायची, काडेपेटी कुणाच्या घरात नव्हती. शेवटची भट्टी उतरली त्या दिवशी सावळ्यानं तिच्यातला निखारा घरी आणला आणि चुलीत ठेवला. पुढं सावळा गेला. मुलगी चिंगी लग्न होऊन वाकसईला गेली. तो विस्तव मात्र मावशीनं जाऊ दिला नाही. रोज सांजेला निखारे राखेखाली झाकायचे आणि पहाटे फुंकून जागे करायचे.

आणि पहाटे, मावशीची फुंकर थांबते न थांबते तोच, दारात शेजारच्या खोपटातली चिमाबाई हजर व्हायची. हातात गोवरीचा तुकडा.

"जिती हाईस का गं येसे?"

"तुला इस्तू द्यायापुरती हाय. काडेपेटी घे की एखादी, दरिद्रे."

"तुज्यावानी सावकारीण न्हाई मी. दे लवकर. आन राख नगं, इस्तू दे."

"फुंक घाल जरा. तोंड चालतंय न्हवं तुजं दिसभर?"

असं रोज. या भांडणाचं मूळ एक कोंबडी होती. ती कोंबडी कुणी खाल्ली हे दोघींनाही आता आठवत नव्हतं. दोघींनी मिळून खाल्ली असावी, असा वाहिद मिस्त्रीचा अंदाज होता.

वाहिद मिस्त्री म्हणजे आमच्याकडचा गवंडी. अर्ध्या खंडाळ्याचे बंगले त्याच्या हातचे, आणि स्वतःचं घर मात्र अजून अर्धं, कारण वेळ मिळत नाही.

बहात्तरच्या दुष्काळाच्या पुढच्या वर्षी सरकारनं ठरवलं की भूमिहीनांना घरासाठी जागा द्यायची. जागा कुठली द्यायची यावर पंचायतीत फार डोकं चालवावं लागलं नाही. जी कुणालाच नको होती ती भट्टीची जागा निघाली. मी नुकताच मॅट्रिक होऊन पंचायतीत कारकून म्हणून चिकटलो होतो, त्यामुळं ओव्हरसियर साहेब नकाशा घेऊन आले तेव्हा तो लोकांपुढं धरून उभं राहण्याचा मान माझा. पहिली दहा मिनिटं मी तो उलटा धरला होता. कुणी काही म्हणालं नाही, साहेबसुद्धा.

"ही बारा घरं," साहेब म्हणाले. "सगळी एका रांगेत. सगळ्यांची दारं रस्त्याकडं."

वाडीतले जाणते कोंडूआबा म्हणाले, "म्हंजी आगगाडीच्या डब्यावानी?"

"तसंच समजा."

"मंग सांजच्याला दारात बसून बोलायचं कुनाशी सायेब? रस्त्याशी?"

वाडीतली खोपटं एकमेकांकडं तोंड करून होती. मधलं अंगण सगळ्यांचं. साहेबांनी हसून सांगितलं की सुधारणा म्हटली की थोडं बदलावं लागतं, आणि चिठ्ठ्या टाकल्या.

येसूमावशीला एक नंबर लागला. रस्त्याच्या कोपऱ्यावरचा, खाली राख नाही, घट्ट मुरूम, पुढं नळ येईल तो तिथंच. चिमाबाईला बारा नंबर, खड्ड्याच्या काठावरचा. पावसाळ्यात खड्डा भरला की दाराशी बेडूक येतील असा.

"सुटले बाई!" मावशी सगळ्या वाडीला ऐकू जाईल असं म्हणाली आणि घराघरांतून गुळाचा खडा वाटत फिरली. चिमाबाईलाही दिला.

"तोंड ग्वाड कर. उद्यापास्नं तुजं थोबाड बगाया नगं."

"माजं भाग्य उगवलं म्हन की," चिमाबाई म्हणाली आणि गूळ खाऊन टाकला.

त्या दिवशी साहेबांच्या माणसांनी राखेवर चुन्याच्या फक्कीनं बारा घरांचे चौकोन आखले. साहेब म्हणाले, पाया खणायला पंधरा-वीस दिवसांनी येऊ, तोवर रेषा मोडू नका. लोकांनी रेषा मोडल्या नाहीत. त्यांनी त्या नांदवल्या.

आमच्या बाजूची रीत अशी की जागा आपली झाली म्हणजे बाईनं ती सारवायची, तीन दगडांची चूल मांडायची आणि तिच्यावर दूध उतू घालायचं. भिंती काय, मागनं येतात. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या उघड्या रानात बारा बायका बारा चौकोनांत शेणाचे बोळे घेऊन बसल्या होत्या. पुढं हे रोजचंच झालं. रात्री झोपायला तेवढं खोपटात, चूलपाणी आणि सगळा दिवस चौकोनात. भिंत नाही, छप्पर नाही, पण बाहेरचा माणूस रेषेत दारासाठी सोडलेल्या फटीशी थांबून हाक मारायचा. मी एकदा नकळत रेषेवरून आत गेलो तर सावित्राबाई नावाची सात नंबरची बाई खेकसली, "भिंतीतनं यायला भूत हाईस का काय?"

मावशीनंही आपला विस्तव खापरात घालून नव्या चुलीत आणला. आणि चिमाबाई बारा नंबरात, आपल्या न पेटलेल्या चुलीपुढं बसली. मधे दहा घरं. पहिल्या दिवशी चिमाबाई विस्तव मागायला आलीच नाही. बहुतेक वाट बघत होती की येसी हाक मारते का. येसीही बहुतेक वाट बघत होती की चिमी येते का. चौथ्या दिवशी शेजारच्या अकरा नंबरातल्या बजरंगच्या बायकोनं चिमाबाईला काडेपेटी आणून दिली.

त्यानंतर मावशीचा आवाज बसला. सर्दी नाही, खोकला नाही. बोलायलाच कुणी नव्हतं. शेजारच्या दोन नंबरवाल्यांना तिनं एकदा शिव्या घालून बघितल्या, पण ते बिचारे "चुकलं मावशी" म्हणाले. त्यात काय अर्थ!

वाहिद मिस्त्री जागेची राख किती खोल आहे ते पहारीनं बघायला यायचा. तो तिला म्हणाला, "मावशी, सगळ्यात चांगला तुकडा तुला लागला, आन तोंड असं का?"

"पह्यल्यापास्नं असंच हाय."

"चिमामावशीकडं गेलीस का?"

"मी कशापायी जाऊ? गरज तिला का मला?"

पण तिचा विस्तव त्या आठवड्यात दोनदा विझता विझता राहिला, हे मला तिच्या धुरानं लाल झालेल्या डोळ्यांवरून कळलं. तीनदा फुंकून पेटलेला विस्तव कुणी न्यायला येत नसेल, तर फुंकायचा तरी कुणासाठी?

साहेब आले ते टेप घेऊन. पहिलाच चौकोन मोजला आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. एक नंबरचं घर बारा नंबरच्या दिशेनं फूटभर सरकलं होतं. दोन नंबरचं त्यामुळं दाबलं गेलं होतं, तीन नंबरचं त्याच्यामुळं. पलीकडून बारा नंबरचं घरही तसंच अलीकडं सरकलं होतं. अकरा नंबरचा बजरंग, ज्याचं लग्न नुकतंच झालं होतं, आधीच रडकुंडीला आला होता.

"सायेब, माज्या घरात आता खाट आडवी मावत न्हाई!"

"ही घरं कुणी हलवली?" साहेब ओरडले.

हलवली कुणीच नव्हती. रोज सारवताना फक्की शेणाखाली जायची, मग नवी रेघ राखेनं ओढायची, आणि ओढणारीचा हात जिकडं मन तिकडं जायचा. एका बाजूला बोटभर सारवण जास्त, दुसऱ्या बाजूला बोटभर कमी. मावशीनं मान खाली घातली. चिमाबाईनंही. दोघींचं एकमेकींकडं लक्ष गेलं आणि दोघींना एकदमच कळलं की ती दुसरीसुद्धा सरकत होती.

"तिनं घर सरकवलं म्हनून मी!" चिमाबाई आधी म्हणाली.

"मी? तूच अंगावर यायलीस!"

"ऐका," साहेब वैतागून म्हणाले. "उद्या पाया खणायचाय. नंबर आहे तो आहे. ज्यांना मान्य नसेल त्यांनी आत्ताच सांगा, नाहीतर नाव कमी करीन. बोला बाई, तुमचं म्हणणं काय?"

सगळी वाडी गोळा झाली होती. मावशीनं पदर सारखा केला, पुन्हा सारखा केला. पाया खणला की संपलं, हे तिला कळत होतं. आणि बोलायचं म्हणजे इतक्या वर्षांच्या भांडणाचा कचरा सगळ्यांसमोर करायचा.

"सायेब," ती म्हणाली, "ही बाई लांब ऱ्हायली तर हिची चूल पेटनार न्हाई. हिला काडी वडायला येत न्हाई. उपाशी मेली तर पाप मला. मला हिच्याशेजारी द्या."

"शेजारी? म्हणजे अकरा? अहो, तुमचा नंबर सगळ्यात चांगला आहे. मुरूम आहे, नळ आहे. तिकडं खड्डा आहे!"

"असू द्या खड्डा."

"बेडकं येत्याल," कोंडूआबा हळूच म्हणाले.

"हिच्यापरीस बरी बोलत्याल."

साहेबांनी चिमाबाईकडं पाहिलं. "तुम्हाला चालेल का?"

चिमाबाईनं नाक मुरडलं. "माजं काय! पर हिला शिव्या घालाया कुनी न्हाई मिळालं तर ही मुकी व्हऊन मरंल, आन मंग पाप मला लागंल. येऊ द्या."

लोक इतके हसले की साहेबही हसले. अदलाबदलीला बजरंग एका पायावर तयार होता. नळाशेजारी घर आणि खाट आडवी, त्याला आणखी काय हवं? नकाशावर साहेबांनी एक खोडून अकरा केलं आणि अकरा खोडून एक. या वेळी नकाशा मी सरळ धरला होता.

दारं मात्र साहेबांनी बदलू दिली नाहीत. ती रस्त्याकडंच राहिली. अकरा आणि बारा नंबरांच्या मधे माणूस आडवा जाईल एवढी बोळ, आणि बाजूच्या भिंतीला नकाशातच एकेक खिडकी. ती किती उंचीवर बसवायची हे नकाशात नव्हतं. वाहिद मिस्त्रीनं बाकीच्या घरांच्या खिडक्या छातीच्या उंचीला बसवल्या आणि या दोन घरांच्या बरोबर चुलीपाशी बसलेल्या बाईचा हात पोचेल अशा.

"एवढी खाली व्हय रं मिस्त्री?" मावशीनं विचारलं.

"वर बसवली असती तर गोवरी देता-घेताना इस्तू सांडला असता."

मावशीनं त्याच्याकडं बघितलं आणि चहाचं आधण ठेवलं. त्याला त्या दिवशी चहात गूळ जास्त होता.

घरं झाल्यावर पुढच्या चैत्रात मी घरपट्टी मागायला गेलो. सकाळची वेळ. चिमाबाईच्या घरात शिरलो तर खिडकीतून तिचा हात पलीकडं गेलेला होता आणि पलीकडून मावशीचा आवाज अलीकडं.

"धर नीट, आंधळे! हात भाजला तर माज्या नावानं बोंबलशील."

"तुजा इस्तू कसला भाजतोय, थंडगार!"

चिमाबाईनं गोवरी आत घेतली, फुंकली, चूल पेटवली. चुलीच्या वरच्या फळीवर बजरंगच्या बायकोनं दिलेली काडेपेटी होती. मी सहज उचलून हलवली. भरलेली होती.

"चिमामावशी, ही हाये की घरात."

चिमाबाईनं ती माझ्या हातातून घेतली आणि पदराआड केली.

"सर्दाळलीय ती," ती म्हणाली. "आन हळू बोल. तिला ऐकू जाईल."

बाहेर चैत्राचं ऊन असं तापलं होतं की राखेवर पाय ठरत नव्हता.